मेंदूतला निचरा: बाहेर पडलेलं पोटॅशियम कोण उपसतं?

मिरजकरीण

सत्तावीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांचं एक प्रॅक्टिकल अजून डोळ्यांसमोर आहे. बेडकाचं हृदय रिंगरच्या द्रावणावर, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखे क्षार मिसळलेल्या पाण्यावर, चालू ठेवायचं. तरफेची सुई काजळी धरलेल्या कागदावर त्याचे ठोके काढत जायची. मग द्रावणात पोटॅशियम क्लोराइडचे थोडे थेंब टाकायचे. ठोके ठेंगणे होत जायचे आणि हृदय सैल पडून थांबायचं. सगळा वर्ग चिडीचूप. मग ताजं रिंगर सोडलं, की ते थांबलेलं हृदय हळूहळू पुन्हा हलायला लागायचं. आता बेडकांवरचे प्रयोग बंद झाले, संगणकावर दाखवतात. बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं. पण तो क्षण ज्यांनी पाहिला ते पोटॅशियमला विसरत नाहीत.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, चेतापेशीसुद्धा दर संदेशाला पोटॅशियम बाहेर टाकते ना? मग मेंदूला रिंगरने कोण धुतं?" मी म्हणाले, "पंप आहे की, सोडियम-पोटॅशियम पंप." उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला नंतर वाचत वाचत कळलं आणि ते इतकं सुंदर आहे की इथे सविस्तर लिहावंसं वाटतं.

आधी अडचण काय ते बघू. चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, लिटरला साधारण १४० मिलिमोल. बाहेर जेमतेम ३. सोडियमचं बरोबर उलट, बाहेर जास्त आणि आत कमी. संदेश जातो तेव्हा आधी सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं. दर वेळी बाहेर पडणारं पोटॅशियम तसं चिमूटभर. पण बाहेर जागा कुठे आहे? मेंदूच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा पेशींबाहेरचा आहे हे खरं, पण तो असा मोकळा चौक नव्हे. दोन पेशींमधल्या फटी २० ते ६० नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही अरुंद. एवढ्याशा बोळात चिमूटभरसुद्धा फार होतं. आत १४० आहे, त्यातून थोडं गेलं तर पेशीला पत्ताही लागत नाही. बाहेर ३ आहे, त्यात तेवढीच भर पडली तर दुप्पट होतं.

आणि ही भर महागात पडते. पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब बऱ्याच अंशी आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावर ठरतो. नेर्न्स्टच्या समीकरणात, म्हणजे या गुणोत्तरावरून दाब काढायच्या सूत्रात, आकडे घालून पाहा: बाहेर ३ असताना पोटॅशियमचा तोल साधणारा दाब उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास येतो, ६ झालं की उणे ८३, १२ झालं की उणे ६५. पेशी आधी चिडचिडी होते, जरा धक्का लागला की संदेश सोडते. संदेश सोडला की आणखी पोटॅशियम बाहेर, त्याने शेजारीण चिडते. हेच वाढत गेलं, की सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे पटलातली त्याची बारीक दारं, उघडून बंद होतात त्या तशाच अडकून राहतात आणि पेशी गप्प होते. बेडकाचं हृदय ज्या कारणाने थांबायचं, तेच हे कारण.

फिट येते तेव्हा प्राण्यांच्या मेंदूत हे पोटॅशियम १० ते १२ पर्यंत चढलेलं मोजलं गेलं आहे. विशेष म्हणजे ते तिथेच अडतं. एवढ्या गदारोळातसुद्धा पुढे जात नाही. म्हणजे कुणीतरी ते जिवाच्या करारावर उपसतंय.

ते कुणीतरी म्हणजे ग्लायल पेशी, आणि त्यांतही मुख्यतः ॲस्ट्रोसाइट, तारकेच्या आकाराच्या म्हणून ते नाव. 'ग्लाया' म्हणजे ग्रीकमध्ये डिंक. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये या पदार्थाला न्यूरोग्लाया म्हटलं, चेतापेशींना धरून ठेवणारं लुकण अशा अर्थाने. हे नाव पेशींना शंभर वर्षं भोवलं असं माझं मत आहे. एकदा डिंक म्हटलं की तो काय काम करतो हे विचारायला कोण जातंय!

ज्यांनी विचारलं त्यांची गोष्ट मला फार आवडते. १९६६ मध्ये हार्वर्डला स्टीफन कफलर, जॉन निकोल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांनी नेक्ट्युरस या पाण्यात राहणाऱ्या सॅलॅमँडरची दृष्टिचेता घेतली. त्याच्या ग्लायल पेशी मोठ्या असतात, म्हणून सुईसारखा इलेक्ट्रोड थेट आत घालता येतो. आत दाब मिळाला सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट, चेतापेशीपेक्षाही जास्त. कितीही डिवचलं तरी ही पेशी संदेश सोडेना. बाहेरचं पोटॅशियम बदललं, की मात्र तिचा दाब नेर्न्स्टच्या समीकरणाबरहुकूम सरकायचा. म्हणजे निसर्गाने बसवलेलं पोटॅशियम-मापकच. मग त्यांनी दृष्टिचेतेतून संदेश धाडले. ग्लायल पेशीचा दाब हळूहळू चढला आणि काही सेकंदांत सावकाश उतरला. चेतापेशींतून जे सांडत होतं, त्याची दखल शेजारची 'डिंक' पेशी घेत होती. यावरून त्यांनी मांडलं, की जिथे पोटॅशियम साचतं तिथे ते ग्लायल पेशीत शिरत असेल आणि जिथे कमी आहे तिथे बाहेर पडत असेल. याला स्पेशियल बफरिंग म्हणतात, म्हणजे एका जागी साचलेला भार दुसरीकडे पसरून हलका करणं.

हे जमतं कसं? ॲस्ट्रोसाइटच्या पटलात केआयआर ४.१ नावाच्या वाहिन्या दाटीवाटीने असतात. त्यांतून पोटॅशियम आत यायला सोपं. शिवाय एक ॲस्ट्रोसाइट शेजारणीला गॅप जंक्शनने जोडलेली असते, एकीच्या आतलं दुसरीच्या आत सरळ जाऊ शकतं. जुन्या वाड्यात भिंतींतून दारं काढून सगळी बिऱ्हाडं आतून जोडावीत तसं. एका कोपऱ्यात आलेला भार सगळ्यांत वाटला जातो.

एक गोष्ट मात्र पुस्तकं नीट सांगत नाहीत. हे वाटणं डोळ्यात भरतं म्हणून त्याचीच चित्रं काढतात, पण प्रत्यक्ष उपशाचा मोठा वाटा पंपाचाच आहे: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या पायातल्या चेतांवर काम करून १९५७ मध्ये हा पंप दाखवला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मी वर्गात जे सांगितलं नाही ते हे, की पंपाच्या आवृत्त्या निरनिराळ्या आहेत. चेतापेशीतली आवृत्ती आत सोडियम वाढलं की जोर धरते. ॲस्ट्रोसाइटमधली आवृत्ती बाहेर पोटॅशियम वाढलं की जोर धरते. एकीचं लक्ष घरात, दुसरीचं अंगणात.

त्या मुलीला आज कुठे गाठावं कळत नाही. निदान हे इथे राहील. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

---

कृष्णाकाठ

मॅडम, मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी. विज्ञान बारावीपर्यंतच, पण तुमचा लेख दोनदा वाचला, कारण आमच्या रानाचीच कथा वाटली. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या. पाणी द्यायला सगळे पुढे, निचऱ्याचं कुणी बघितलं नाही. क्षार मुळाशी साचले, की पाण्यात उभा ऊससुद्धा वाळतो. मुळाला पाणी ओढता येत नाही. शेवटी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, खारं पाणी चरातून ओढ्याला काढलं, तेव्हा कुठे तीन-चार वर्षांनी पीक दिसायला लागलं.

माझा प्रश्न: ग्लायल पेशी पोटॅशियम ओढून घेतात, ते शेवटी टाकतात कुठे? त्यांचा ओढा कोणता?

---

मिरजकरीण

कृष्णाकाठ, तुमचं उदाहरण मी पुढे कुणाला शिकवायची वेळ आली तर तुमच्या नावाने वापरीन. मिठाने मूळ पाण्यात असून तहानलेलं राहतं, हे मी लहानपणी कवठ्याच्या बाजूला पाहिलेलं आहे.

पण ओढ्यापाशी मेंदू आणि रान वेगळे होतात. तुमचे क्षार गेलेले बरे. मेंदूला ते पोटॅशियम परत हवं आहे. चेतापेशीच्या आतलं १४० भरून काढायचं कशाने? म्हणून ॲस्ट्रोसाइट ते फेकत नाही, सांभाळते. गर्दी ओसरली की केआयआर ४.१ च्याच वाटेने ते हळूहळू बाहेर सोडते आणि चेतापेशीचा पंप ते उचलून घरात नेतो. लग्नघरात शेजारीण भांडी घासून, आपल्याकडे ठेवून, दुसऱ्या दिवशी मोजून परत देते, तसा हा व्यवहार.

खरा ओढा असलेली एक जागा मात्र आहे: डोळा. पडद्यात म्युलर पेशी नावाच्या उभ्या, लांब ग्लायल पेशी असतात. त्यांचं एक टोक डोळ्यातल्या पारदर्शक जेलीला, म्हणजे व्हिट्रियसला टेकलेलं. एरिक न्यूमन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की सॅलॅमँडरच्या म्युलर पेशीत पोटॅशियमला जायची वाट बहुतेक सगळी त्या टोकालाच एकवटलेली आहे. पडद्यात साचलेलं पोटॅशियम मधून शिरतं आणि टोकातून त्या मोठ्या साठ्यात उतरतं. याला पोटॅशियम सायफनिंग म्हणतात. तुमचा पाइप आणि चर हुबेहूब.

---

डोंबिवलीकर

छान धागा. पण ग्लायल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात ना? शाळेपासून ऐकतोय. 'आपण मेंदूचा दहा टक्केच वापरतो' हेही त्यावरूनच आलं असावं का?

---

मिरजकरीण

दहापट हा आकडा मीसुद्धा वर्षानुवर्षं शिकवला. तो चुकीचा आहे. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या भागांचं द्रावण करून त्यातली केंद्रकं मोजली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी निघाल्या आणि बाकीच्या पेशीही जवळजवळ तेवढ्याच. काही भागांत ग्लाया जास्त, अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत, चेतापेशी कितीतरी जास्त, पण एकूण हिशेब साधारण एकास एक.

दहा टक्क्यांच्या समजुतीचं मूळ काहीही असो, ती खरी नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे पाचवा हिस्सा घेतो. त्यातला फार मोठा भाग याच पंपांवर जातो. न वापरलेल्या नव्वद टक्क्यांसाठी एवढा खर्च कोणतंही शरीर सोसणार नाही.

---

निशिगंध

मला अर्धशिशी आहे, वयाच्या सोळाव्या वर्षापासून. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर एक चकाकणारी नागमोडी रेघ येते. आधी मधोमध ठिपक्याएवढी, मग कंकणासारखी मोठी होत कडेला सरकते, आणि ती जिथून पुढे गेली तिथे काही वेळ दिसतच नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं संपतं, मग डोकं. एका डॉक्टरांनी हे 'मनाचं' आहे असं म्हटलं होतं, ते मला फार लागलं होतं. तुमचा लेख वाचताना 'आधी चिडते, मग गप्प होते' इथे थबकले. याचा आणि त्याचा संबंध आहे का?

---

मिरजकरीण

निशिगंध, संबंध आहे, आणि ते मनाचं नक्कीच नाही. जरा लांबवर लिहिते, कारण ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात विलक्षण कथा आहे.

कार्ल लॅशली हे अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ. त्यांना स्वतःला हाच त्रास होता. रेघ सुरू झाली, की ते कागद समोर घेऊन ठरावीक वेळाने तिची जागा आखत. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचा नकाशा कसा पसरलेला आहे हे त्यांना माहीत होतं. त्यावरून १९४१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला: मेंदूच्या पृष्ठावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. पुढे खळबळीची कड, मागे शांतता. तुम्ही जे लिहिलंत तेच: चकाकती रेघ, आणि तिच्यामागे न दिसणारी जागा.

तीन वर्षांनी, लॅशलींच्या कामाशी काही संबंध नसताना, ॲरिस्टिडीस लिआँव हे ब्राझीलचे तरुण संशोधक हार्वर्डला सशांच्या मेंदूत फिटचा अभ्यास करत होते. उत्तेजना दिली, की विजेचं तांडव दिसायला हवं होतं. दिसली शांतता. एका इलेक्ट्रोडखालची हालचाल मावळली, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. ही मावळण्याची लाटही मिनिटाला दोन-तीन मिलिमीटरनेच सरकत होती. तिला पसरती मंदी म्हणतात. दोन्ही वेग जुळतात हे नंतर लोकांच्या लक्षात आलं.

पुढे १९७० च्या दशकात पोटॅशियम मोजणारे बारीक इलेक्ट्रोड आले आणि त्या लाटेत काय घडतं ते दिसलं. बाहेरचं पोटॅशियम ३ वरून ३०, ५०, कधी त्याहूनही वर. वर मी म्हटलं तो १२ चा बांध इथे फुटतो. एका जागी फुटला, की उसळलेलं पोटॅशियम शेजारच्या पेशींना तिथवर नेतं आणि बांध पुढे पुढे फुटत जातो. चेतापेशी एकमेकींना डिवचायला जे रसायन सोडतात, त्या ग्लूटामेटचाही यात हात असतो. काही मिनिटांत पंप पुन्हा सगळं जागच्या जागी लावतात. निरोगी मेंदूत त्यामुळे पेशी मरत नाहीत. माणसातही हे पाहिलं गेलं: २००१ मध्ये बास्केटबॉल खेळल्यावर हमखास अशी रेघ येणाऱ्या एकाला रेघ चालू असताना एमआरआयमध्ये घेतलं, आणि दृष्टीच्या भागावरून मिनिटाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकणारी लाट मिळाली.

आता ग्लायाकडे. अर्धशिशीचा एक दुर्मिळ घराण्यात चालणारा प्रकार आहे, त्यात रेघेबरोबर अर्ध्या अंगातली ताकदही काही काळ जाते. २००३ मध्ये अशा काही घराण्यांत दोष सापडला तो एटीपी१ए२ या जनुकात. प्रौढ मेंदूत हा जनुक मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमधला पंप बनवतो. अंगणाकडे लक्ष असलेला, तोच. शेजारणीचा उपसा कमी पडला की लाट उठायला वाव मिळतो, याचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच असेल.

एक मात्र सांगते: यावरून तुमच्या अर्धशिशीतही तोच दोष आहे असं धरू नका. नेहमीच्या अर्धशिशीत अनेक जनुकं आणि अनेक निमित्तं असतात. पण रेघ तासाहून जास्त टिकली, किंवा हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

---

निशिगंध

लॅशलींनी कागदावर आखलं तसं आता मीही आखून ठेवणार आहे. ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं, की ते सरकतं आणि त्याला वेग आहे.

---

अभ्यासू_पोर

मॅडम, मी एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला. केआयआर ४.१ ची वाहिनीच बिघडली तर काय होतं? असा आजार आहे का?

---

मिरजकरीण

आहे, फार दुर्मिळ. २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ही वाहिनी बनवणाऱ्या केसीएनजे१० या जनुकात दोष असलेली मुलं शोधली. एका गटाने त्याला ईस्ट सिंड्रोम म्हटलं, दुसऱ्याने सेसमी. तान्हेपणी फिट, चालताना तोल जाणं, बहिरेपण, आणि मूत्रपिंडातून मीठ वाहून जाणं. एवढं सगळं एका वाहिनीपायी! तू मूत्रपिंड शिकलास की बघ, दूरच्या नलिकेत पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला हीच वाहिनी पंपाला लागणारं पोटॅशियम फिरतं ठेवते. अंतःकर्णात तिच्यामुळे शंखातल्या द्रवाचा विद्युतदाब तयार होतो, तो नसेल तर ऐकूच येत नाही. मेंदू, कान, मूत्रपिंड हे वेगवेगळ्या विभागांत शिकवतात म्हणून आपल्याला ते लांबचे वाटतात.

---

ओवी

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण विचारते. गेल्या मे महिन्यात सासूबाईंचं 'सोडियम कमी झालं'. वय ७८, बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध, उन्हाने जेवण तुटलेलं, त्यात कुणीतरी मीठ बंद करायला सांगितलेलं आणि पाणी भरपूर प्या म्हणून तांबे रिचवलेले. दोन दिवस असंबद्ध बोलत होत्या, मुलाला ओळखलं नाही. तपासलं तर ११४. आयसीयूत डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवू. आम्ही अक्षरशः भांडलो, की मीठच कमी आहे तर लवकर भरा ना! त्यांनी ऐकलं नाही. चार-पाच दिवस लागले, सासूबाई बऱ्या झाल्या. पण घाई का करायची नसते हे आम्हाला कुणी नीट समजावलं नाही.

---

रात्रपाळी

मी आयसीयूतच काम करतो, त्यामुळे मिरजकरीण मॅडमच्या परवानगीने उत्तर देतो. विषयाला अगदी धरून आहे.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असतं. ते घसरलं की रक्त पातळ पडतं आणि पाणी मेंदूकडे ओढलं जातं. पोट फुगू शकतं, कवटी फुगत नाही. हे पाणी आत येतं ते बरंचसं ॲस्ट्रोसाइटच्या रक्तवाहिन्यांना टेकलेल्या पायांतून. तिथे ॲक्वापोरिन ४ नावाच्या पाण्याच्या वाहिन्या ठासून भरलेल्या असतात. २००० मध्ये ही वाहिनी नसलेल्या उंदरांना पाण्याचा अतिरेक घडवला, तर त्यांचा मेंदू इतर उंदरांपेक्षा कमी सुजला आणि ते जास्त जगले.

मेंदू हे सोसतो कसा? पेशी आपल्या आतला माल बाहेर टाकून हलक्या होतात. आधी काही तासांत पोटॅशियम आणि क्लोराइड, मग दोनेक दिवसांत टॉरिन, मायो-इनोसिटॉल, ग्लूटामिन असे छोटे सेंद्रिय रेणू. आतही पातळ, बाहेरही पातळ, असा नवा तोल बसतो. तुमच्या सासूबाई ११४ ला जिवंत राहिल्या त्या या तडजोडीमुळे.

अशा वेळी आम्ही सोडियम झटकन वर नेलं, तर बाहेर दाट आणि आत पातळ, म्हणून पेशींतून पाणी उपसलं जातं. टाकून दिलेला माल परत जमवायला दिवस लागतात. तेवढ्यात ॲस्ट्रोसाइट मोडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण गळण्याआधी ॲस्ट्रोसाइट मरताना दिसल्या आहेत. परिणाम काही दिवसांनी कळतो: सोडियम सुधारलेलं, माणूस शुद्धीवर आलेला, आणि मग बोलणं जड, गिळता येत नाही, हातपाय लुळे. १९५९ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं, दारू फार पिणाऱ्या आणि कुपोषित रुग्णांत. सोडियम घाईने भरण्याशी त्याचा संबंध नंतर लक्षात आला. म्हणून आम्ही २४ तासांत ८ च्या आसपास थांबतो. फिट येण्यासारखी गंभीर लक्षणं असतील तरच ३ टक्के सलाइन देऊन पहिले ४ ते ६ आकडे पटकन चढवतो, मग पुन्हा सावकाश.

हे तुम्हाला त्या रात्री कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. मी स्वतः आता नातेवाइकांना कागदावर काढून दाखवतो. आणि घरातल्या वयस्कर माणसांचं मीठ परस्पर बंद करू नका, पाणी काढणारी गोळीही स्वतःच्या मनाने सुरू-बंद करू नका.

---

ओवी

धन्यवाद डॉक्टर. त्या डॉक्टरांना फोन करून 'आमचं चुकलं' म्हणायचं राहिलं होतं. आज करते.

---

कृष्णाकाठ

रात्रपाळी सर, आमच्याकडे पण हेच. क्षारपड रानात एकदम गोड पाणी सोडून क्षार धुवायला गेलं, तर चोपण पडते, माती चिकटून दगड होते. आधी जिप्सम, मग पाणी, तेही टप्प्याटप्प्याने.

अजून एक प्रश्न राहिला. आमच्याकडे उन्हात काम करताना नारळपाणी पितात, केळी खातात. त्यात पोटॅशियम भरपूर म्हणतात. मग ते मेंदूत वाढत नाही का? आणि वडिलांना किडनीचा त्रास आहे, त्यांना डॉक्टरांनी दोन्ही बंद केलंय, ते मेंदूसाठी का?

---

मिरजकरीण

कृष्णाकाठ, मेंदूत वाढत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशींची घट्ट शिवण आहे. आयन तिच्यातून सहज पलीकडे जात नाहीत. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान वर-खाली होतं, मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र ते तीनच्या आसपास स्थिर राहतं. त्यामुळे मेंदूला नारळपाण्याची फारशी कल्पनाही येत नाही. चांगलं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम काही तासांत लघवीवाटे काढून टाकतं, म्हणून उन्हात काम करणाऱ्या धडधाकट माणसाने ते खुशाल प्यावं.

वडिलांचा पथ्याचा नियम मेंदूसाठी नाही, हृदयासाठी आहे. हृदयाला अशी शिवण नाही आणि ॲस्ट्रोसाइटसारखी शेजारीणही नाही. ते थेट रक्तातच उभं आहे. मूत्रपिंडाने उपसा सोडला, की रक्तातलं पोटॅशियम साडेसहा-सातच्या पुढे जातं, आणि मग मी सुरुवातीला लिहिलेल्या बेडकाच्या हृदयाचं जे व्हायचं ते माणसाचं होऊ शकतं. डायलिसिस म्हणजे त्या वेळचं ताजं रिंगर. त्यांना नारळपाणी, केळी, फळांचे रस आणि 'कमी सोडियमचं' म्हणून विकतात ते मीठही देऊ नका. त्या मिठात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियमच घातलेलं असतं. पुड्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून बघा.

---

कृष्णाकाठ

मॅडम, तेच मीठ गेले दोन महिने घरात आहे. बीपीसाठी चांगलं म्हणून मीच आणलं होतं. आत्ता उठून बाजूला ठेवलं. उद्या सकाळी वडिलांचं रक्त तपासायला नेतो.

---

रात्रपाळी

सकाळी नक्की न्या, आणि तोवर त्यांना एकदम अशक्तपणा वाटला, छातीत धडधडलं किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट पाहू नका. रिपोर्ट आला की आकडा इथे लिहा, मी आज रात्री जागाच आहे.